क्रॉसओव्हरला नवी चाके आणि टायर घेताना: नाशिकच्या रस्त्यांचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. गंगापूर रोडला राहणाऱ्या एका गृहस्थांकडे २०२० मध्ये आलेल्या पिढीतली ह्युंदाई क्रेटा ही क्रॉसओव्हर, म्हणजे मोटारीच्या बांधणीवरची छोटी एसयूव्ही, आहे. तिला कंपनीची १७ इंची अलॉय चाके आणि २१५/६० आर १७ मापाचे टायर आहेत. टायर पन्नास हजार किलोमीटरच्या आसपास चालून जवळजवळ गोटा झाले आहेत, आणि इगतपुरीच्या अलीकडे एका खड्ड्यात पुढच्या डाव्या चाकाची आतली कड वाकून तिला चीर गेली आहे. रोजचे जाणे-येणे अंबड औद्योगिक वसाहतीपर्यंत, अधूनमधून कसारा घाटाने किंवा समृद्धीने मुंबई आणि हंगामात निफाडच्या द्राक्षबागेत, असा गाडीचा वापर आहे. आता खर्च करायचाच आहे तर चारही चाके १८ इंची करावीत आणि परदेशी व्हिडिओंमध्ये वाखाणले जाणारे ऑल-वेदर टायर बसवावेत, असा त्यांचा विचार आहे. तो योग्य आहे का, आणि नसेल तर काय घ्यावे, असे त्यांनी विचारले आहे.

माझे मत आधीच सांगतो. तुमच्या वापराला १७ इंची चाकेच योग्य आहेत. चीर गेलेल्या चाकाच्या जागी कंपनीचे तसेच एक नवे चाक घ्यावे, आणि वाचलेला पैसा ओल्या रस्त्यावर चांगली पकड देणाऱ्या चार टायरांवर घालावा. १८ इंची चाकांचा हट्टच असेल, तर त्यासाठीही एक निर्धोक वाट आहे, ती पुढे सांगतो. ऑल-वेदर म्हणून जी जात परदेशात विकली जाते ती मात्र नाशिकला घेऊ नये, असे मी स्पष्टपणे म्हणेन.

त्याचे कारण रबरात आहे. ज्या मुलखात वर्षातले तीन-चार महिने रस्त्यावर बर्फ असतो, तिथे हिवाळ्याचे टायर वेगळे ठेवण्याची पद्धत आहे, आणि तो दुहेरी खर्च व खटाटोप टाळण्यासाठी ऑल-वेदर ही जात तयार झाली. हवेचे तापमान साधारण सात अंशांच्या खाली गेले की उन्हाळी टायरचे रबर ताठर होऊ लागते, म्हणून या टायरांचे रबर मुद्दाम मऊ ठेवलेले असते आणि नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर बारीक चिरा दिलेल्या असतात, म्हणजे त्या चिरांच्या कडा बर्फ पकडतात. अशा टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असे चिन्ह असते. ते चिन्ह मिळण्यासाठी दाबून बसलेल्या बर्फावर चाचणी घेतात, आणि ठरवून दिलेल्या एका संदर्भ टायरपेक्षा हा टायर किमान दहा टक्के जास्त ओढ धरतो का, एवढेच तीत पाहतात. भर पावसात घाट उतरताना तो कसा थांबेल, याविषयी ते चिन्ह काहीच सांगत नाही. त्याच्या शेजारी कधी कधी एम+एस (चिखल आणि बर्फ यांच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे) अशीही अक्षरे असतात. ती केवळ नक्षीच्या रचनेवरून दिली जातात, त्यांच्यामागे कसलीही चाचणी लागत नाही. आपल्याकडच्या अनेक एसयूव्ही टायरांवर ती दिसतात आणि दुकानदार त्यांचा उल्लेख मोठ्या अभिमानाने करतात, त्याने भुलू नये.

आता आपल्या हवेचा विचार करा. थंडीच्या लाटेत निफाडचा पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो, बागांमध्ये शेकोट्या पेटतात, हे खरे. पण ती थंडी पहाटेची असते आणि तेव्हाही रस्त्यावर बर्फ नसतो. त्याउलट एप्रिल-मे महिन्यांत शहरात हवाच चाळिशीला टेकते आणि दुपारच्या वेळी काळ्या डांबराचा पृष्ठभाग साठ अंशांच्या घरात जातो. मऊ रबर आणि चिरा दिलेले ठोकळे अशा तापलेल्या रस्त्यावर दबतात, डुलतात, लवकर झिजतात, आणि कोरड्या रस्त्यावर ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला अधिक अंतर लागते. म्हणजे जे संकट आपल्याकडे नाही त्याच्यावरच्या उपायासाठी वर्षातले आठ महिने किंमत मोजायची, असा तो व्यवहार होतो. आपल्याला हवा तो टायर उष्णता सोसणारा आणि पाणी कापणारा. भारतात विकले जाणारे चांगले हायवे प्रकारचे टायर याच दोन गोष्टींसाठी केलेले असतात, आणि तुमच्यासाठी बारमाही टायर तोच.

पाण्याचा मुद्दा जरा विस्ताराने मांडतो, कारण नाशिकच्या माणसाची त्यात फसगत होते. शहरात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. इगतपुरीला तो तीन हजारांच्या पुढे जातो. मुंबई नाक्यावरून रिमझिम पावसात निघालेली गाडी घोटी ओलांडेपर्यंत पूर्णपणे वेगळ्या पावसात शिरलेली असते, आणि चालक मात्र शहराच्याच भरवशाने चालवत असतो. रस्त्यावर पाण्याचा थर साचला की टायरच्या खाचांनी ते पाणी बाजूला सारायचे असते. खाचा अपुऱ्या पडल्या किंवा वेग फार झाला, तर टायर पाण्यावर उचलला जातो, आणि मग स्टिअरिंग फिरवले तरी गाडी ऐकत नाही. विमानांच्या टायरांवरील प्रयोगांतून नासाच्या संशोधकांनी १९६० च्या दशकात यासाठी एक ढोबळ सूत्र मांडले: टायरमधील हवेच्या दाबाचे पीएसआयमधील वर्गमूळ घेऊन त्याला नऊने गुणले, की टायर उचलला जाण्याचा वेग नॉटमध्ये (ताशी सागरी मैलांत) मिळतो. ३३ पीएसआयला तो ताशी सुमारे ९६ किलोमीटर येतो आणि २५ पीएसआयला सुमारे ८३. सूत्र मोटारीच्या टायरसाठी केलेले नाही आणि त्यात नक्षीचा हिशेब नाही, त्यामुळे त्याचे आकडे तंतोतंत धरू नयेत. पण कमी हवेचा टायर पाण्यावर लवकर तरंगतो, ही दिशा त्यातून नेमकी कळते. पावसाळ्यात ‘पकड वाढते’ म्हणून हवा कमी ठेवण्याचा जो सल्ला अजूनही ऐकू येतो, तो डांबरी रस्त्यासाठी सरळसरळ उलटा आहे.

नव्या टायरच्या खाचा साधारण साडेसात ते आठ मिलिमीटर खोल असतात. मोटारींसाठी कायद्याची किमान मर्यादा १.६ मिलिमीटर आहे, आणि खाचांच्या तळाशी जे छोटे उंचवटे दिसतात ते त्याच खोलीशी जुळवलेले असतात. ओल्या रस्त्यावरची पकड मात्र तीन मिलिमीटरच्या आसपासच झपाट्याने ढासळू लागते. म्हणून कसारा घाटाने नेहमी जाणाऱ्याने मे अखेरीस खोली मोजावी आणि ती तीनच्या खाली गेली असेल तर पावसाळा त्या टायरांवर काढू नये. मोजणी खोलीमापकाने, आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या अशा तिन्ही खाचांत करावी. आतली बाजू उभ्याने दिसत नाही आणि अलाइनमेंट बिघडलेल्या गाडीत नेमकी तीच आधी संपते.

टायर निवडताना ओल्या पकडीची माहिती कुठून मिळवायची, हा पुढचा प्रश्न. एआयएस-१४२ या भारतीय वाहन मानकाने टायर फिरताना होणारा अवरोध, ओली पकड आणि आवाज यांच्या मर्यादा घातल्या आहेत. नव्या रचनेच्या टायरांना त्या १ ऑक्टोबर २०२२ पासून आणि आधीपासून विकल्या जाणाऱ्या टायरांना २०२३ मध्ये लागू झाल्या. ही उत्तीर्ण होण्याची किमान पातळी आहे, त्यावरून दोन टायरांत डावे-उजवे करता येत नाही. काही टायरांवर ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे तारे दिसतात, पण ते इंधन बचतीचे आहेत. पाच तारे म्हणजे टायर हलका फिरतो; तो ओल्यात चांगला थांबेलच असे त्यातून ठरत नाही. युरोपात विकल्या जाणाऱ्या टायरांना ओल्या पकडीसाठी ए ते ई अशी श्रेणी असते आणि ती शोधून पाहणे उपयोगाचे आहे. फक्त एवढे ध्यानात ठेवावे की त्याच नावाचा भारतात बनलेला टायर रचनेने वेगळा असू शकतो. त्यामुळे मी श्रेणीइतकाच विश्वास नक्षीवर ठेवतो. घेराभोवती सलग जाणाऱ्या चार रुंद खाचा, त्यांना खांद्यापर्यंत जोडणाऱ्या मोकळ्या आडव्या खाचा, आणि खांद्याचे ठोकळे अंगठ्याने दाबले तर सहज न हलणारे, एवढे ज्यात असेल तो टायर आपल्या कामाचा. नावेच हवी असतील तर मिशलिनचा प्रायमसी फोर एसटी, गुडइयरचा अॅश्युरन्स ट्रिपलमॅक्स २, योकोहामाची जिओलँडार मालिका, अपोलोचा अॅप्टेरा क्रॉस आणि सीएटची सिक्युराड्राइव्ह मालिका यांच्यापासून पाहणी सुरू करावी, आणि तुमच्या मापात त्या दिवशी कोणता ताजा माल आहे त्यावर अंतिम निवड ठेवावी. सीएटचा कारखाना सातपूरला आहे म्हणून नाशिकमध्ये अनेकांचा ओढा तिकडे असतो. चांगला टायर असेल तर तो घ्यावाच, पण त्यासाठी पत्ता हे कारण पुरेसे नाही.

बागेत जायचे म्हणून ऑल-टेरेन, म्हणजे कच्च्या रस्त्यांवरही चालणारे, टायर घ्यावेत का, असे तुम्ही ओघात विचारले आहे. घेऊ नयेत. ते जड असतात, महामार्गावर घोंघावतात, इंधन जास्त खातात, आणि त्यांतल्या अनेकांची ओल्या डांबरावरची पकड हायवे टायरपेक्षा कमी असते. निफाडच्या काळ्या मातीत पाऊस पडल्यानंतर समोरच्या चाकांवर चालणारी गाडी कोणत्याही टायरवर रुतते, कारण माती खाचांत लिंपून बसते आणि दोन फेऱ्यांत ऑल-टेरेनचाही गोटा होतो. त्या दिवशी गाडी डांबरावर उभी करून बांधापर्यंत चालत जाणे श्रेयस्कर.

आता मापाकडे वळू. २१५/६० आर १७ याचा अर्थ टायरची रुंदी २१५ मिलिमीटर, बाजूची उंची त्याच्या साठ टक्के म्हणजे १२९ मिलिमीटर, आणि चाक १७ इंची. पूर्ण टायरचा व्यास ६९० मिलिमीटरच्या जवळ येतो. चाक बदलताना हा व्यास शक्यतो एक टक्क्याच्या आत, आणि फार तर तीन टक्क्यांच्या आत ठेवावा असा प्रघात आहे, कारण वेगमापक, एबीएस आणि स्थिरता-नियंत्रण यांचे सगळे गणित चाकाच्या फेऱ्यांवर चालते. बाजारात १८ इंची चाकांबरोबर २२५/५५ आर १८ हे माप सर्रास सुचवले जाते. त्याचा व्यास सुमारे ७०५ मिलिमीटर होतो, म्हणजे दोन टक्क्यांहून जास्त वाढ. काट्यावर शंभर दिसताना गाडी आधीपेक्षा दोनाने जास्त वेगात असते, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर मडगार्डच्या आतल्या अस्तराला टायर घासण्याचा संभव राहतो. १८ इंचच हवे असतील तर २१५/५५ आर १८ घ्यावे. हे माप ह्युंदाईनेच क्रेटा एन लाइनला दिले आहे, त्याचा व्यास ६९४ मिलिमीटरच्या आसपास म्हणजे अर्ध्या टक्क्याच्या फरकाने येतो, आणि तुमच्या गाडीच्या बांधणीला ते परके नाही. मी वर म्हटलेली निर्धोक वाट ती हीच.

तरीही मी १७ वरच थांबायला सांगतो, त्याचे कारण तुमच्या चिरलेल्या चाकातच आहे. २१५/५५ आर १८ मध्ये टायरच्या बाजूची उंची १२९ वरून ११८ मिलिमीटरवर येते. खड्ड्याच्या कडेवर आदळताना टायर दबून धक्का पचवतो, आणि तो पुरता दबला की रबर चाकाची कड आणि खड्ड्याची कड यांच्यात चिमटते. तिथे एक तर चाक वाकते किंवा टायरच्या आतले दोरे तुटून बाजूला फुगा येतो. अकरा मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात, पण घोटी-इगतपुरी पट्ट्यात पावसाळ्यात पाण्याखाली लपलेल्या खड्ड्यासाठी आणि सिंहस्थाच्या कामांनी खोदून ठेवलेल्या शहरातल्या रस्त्यांसाठी तेच तुमचे भांडवल आहे. शिवाय १८ इंची चाक-टायरची जोडी बहुधा जड असते, आणि ते वजन स्प्रिंगच्या खालचे असल्यामुळे गाडी खडबडीत रस्त्यावर जास्त आपटते. दिसण्याचा मोह मी समजू शकतो. पण तो नाशिक-मुंबई रस्त्यावर फार महाग पडतो.

चीर गेलेल्या चाकाविषयी कोणतीही तडजोड करू नये. नुसती कड वाकली असेल, वाक थोडा असेल आणि साबणाचे पाणी लावून पाहिल्यावर कुठे बुडबुडा येत नसेल, तर यंत्रावर सरळ करून ते चाक मागे किंवा स्टेपनीला वापरता येते. चीर असेल तर वेल्डिंग करून देणारे कारागीर सहज भेटतात आणि काम दिसायलाही सुबक होते. परंतु अॅल्युमिनियमच्या चाकाला त्याची ताकद ओतल्यानंतर दिलेल्या उष्णता-प्रक्रियेतून आलेली असते, आणि वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाच्या दोन्ही बाजूंचा पट्टा पुन्हा मऊ पडतो. पुढची चीर बहुतेक वेळा जोडात न जाता त्याच्या शेजारून जाते. समृद्धीच्या सपाट भागात वेगाची मर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. तिथे असे चाक घेऊन जाणे मला कोणत्याही हिशेबात बसवता येत नाही. उरलेली तीन चाकेही टायर उतरल्यावर आतून पुसून, उजेडात फिरवून पाहायला सांगा. बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या चाकाची आतली कड कित्येकदा दोन ठिकाणी चेपलेली निघते, आणि बॅलन्सिंगच्या वेळी वजने लावून लावून ती उणीव झाकलेली असते.

बाहेरची, म्हणजे कंपनीबाहेरची चाके घ्यायचीच ठरवली तर चार गोष्टी जुळाव्या लागतात आणि दुकानात त्यांतली एकच विचारली जाते. ती म्हणजे पीसीडी, अर्थात नटांच्या छिद्रांच्या वर्तुळाचा व्यास. तुमच्या गाडीला पाच नट आणि ११४.३ मिलिमीटर. पण हेच माप मारुतीच्या ग्रँड व्हिटारालाही आहे आणि तरी ते चाक तुमच्या गाडीला बसत नाही, कारण दुसरी गोष्ट, म्हणजे चाकाचे मधले भोक, ह्युंदाईला ६७.१ आणि सुझुकीला ६०.१ मिलिमीटर असते. बाहेरची बहुतेक चाके अनेक गाड्यांना चालावीत म्हणून हे भोक मोठे, बहुतकरून ७३.१ मिलिमीटर ठेवतात. तसे चाक तुमच्या हबवर, म्हणजे गाडीच्या ज्या भागावर चाक बसते त्यावर, चढवले की सभोवती तीन-तीन मिलिमीटरची फट राहते आणि चाक मध्यावर आणण्याचे सगळे काम नटांवर येऊन पडते. मग बॅलन्सिंग कितीही वेळा करा, ऐंशी-नव्वदच्या वेगाला स्टिअरिंग थरथरत राहते, आणि ग्राहक टायरला दोष देत दुकानाच्या फेऱ्या मारतो. यावर उपाय म्हणजे ७३.१ बाहेरून आणि ६७.१ आतून अशा मापाची कडी. शक्यतो अॅल्युमिनियमची घ्यावी आणि गंजून चिकटू नये म्हणून तिला वंगणाचा अगदी पातळ हात द्यावा. ती बसली की नाही हे कळण्याची खूण सोपी आहे: नट न लावता चाक हबवर टेकवले तर ते हलका ठोसा मागून घट्ट सरकते आणि हात काढला तरी खाली ओघळत नाही.

तिसरी गोष्ट ऑफसेट. चाकाच्या मागे ईटी हे अक्षर आणि पुढे आकडा कोरलेला असतो. चाकाची मधली रेषा आणि हबला टेकणारा पृष्ठभाग यांच्यातले ते अंतर. समजा मूळ चाक सात इंच रुंद आणि ईटी ५० असेल आणि तुम्ही साडेसात इंच रुंद, ईटी ३५ घेतले, तर चाकाची बाहेरची कड २१ मिलिमीटर बाहेर येते. गाडी रुंद आणि रुबाबदार दिसते खरी, पण बेअरिंगवर भार वाढतो, स्टिअरिंग रस्त्याच्या चाकोरीमागे ओढू लागते आणि पावसाळ्यात चिखल थेट दारांवर उडतो. मूळ आकड्यापासून पाच मिलिमीटरपेक्षा जास्त हटू नये, असा माझा आग्रह असतो. चौथी गोष्ट नटाची बैठक: कंपनीच्या चाकाची आणि नव्या चाकाची बैठक शंकूची आहे की गोलाईची, हे पाहून तसेच नट घ्यावेत, नाहीतर नट घट्ट वाटूनही कडेवरच टेकलेला असतो.

चाकावर आयएसआयची खूण आणि त्याची भारक्षमता किलोमध्ये कोरलेली असावी. हुबेहूब दिसणाऱ्या नकली चाकांचा बाजार मोठा आहे. त्यांची रचना जुळते, धातूचा दर्जा जुळत नाही. भारक्षमतेचा शब्द न काढणाऱ्या विक्रेत्याकडून चाक घेऊ नये.

टायरच्या भाराचा आणि वेगाचा निर्देशांकही मूळच्या खाली जाऊ देऊ नये. तुमच्या टायरवर ९६ एच असे असेल तर ९६ म्हणजे एका टायरला ७१० किलो आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर. ‘इतक्या वेगाने कोण चालवतो’ म्हणून लोक खालचे अक्षर घेतात. पण वेगाची क्षमता म्हणजेच उष्णता सोसण्याची क्षमता, आणि मे महिन्यात पाच माणसे व सामान घेऊन समृद्धीच्या काँक्रीटवर तासनतास सलग चालताना टायरची हीच परीक्षा असते.

दुकानात टायर हातात आला की बाजूवरचे चार आकडे वाचा. १८२५ असेल तर २०२५ सालचा अठरावा आठवडा. सहा महिन्यांच्या आतला माल मागावा, वर्षभरापर्यंतचा चालतो. चारही टायर एकाच सुमाराचे असावेत. आयएसआयची खूण टायरवरही सक्तीची आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुन्या छापील किमतीवर मोठी सूट दाखवणाऱ्याकडे आजचा दर आणि करासह बिल मागावे. बिलावर टायरांचे अनुक्रमांक लिहून घ्यावेत, वॉरंटीच्या वेळी त्यांचीच विचारणा होते.

बसवण्याचे काम शक्यतो समोर उभे राहून करून घ्या. तुमच्या गाडीत हवेचा दाब दाखवणारे सेन्सर असतील तर ते व्हॉल्व्हच्या मुळाशी बसवलेले असतात आणि टायर उतरवताना लोखंडी पट्टी त्या बाजूने घातली की तुटतात. कारागिराला तसे आधीच सांगून ठेवा. हबचा पृष्ठभाग तारेच्या ब्रशने घासून साफ करायला लावा, कारण गंजाची एक पापडी मधे राहिली तरी चाक वाकडे बसते. नट हाताने फिरवून, एकाआड एक अशा क्रमाने घट्ट करायचे आणि शेवटचा ताण टॉर्क रेंचने, म्हणजे ताण मोजणाऱ्या पान्याने, द्यायचा. तुमच्या गाडीला तो १०७ ते १२७ न्यूटन-मीटर आहे. हवेच्या बंदुकीने धडाधड आवळलेले नट पुढे रस्त्यात स्टेपनी बदलताना कुटुंबातल्या कोणालाच सुटत नाहीत, आणि बोल्टचे आटेही ताणले जातात. त्यानंतर बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट. खड्ड्यात चाक चिरले आहे म्हणजे अलाइनमेंट हललेली असणार असेच धरून चालावे आणि खालच्या आर्मचे बुश व टाय-रॉडही पाहून घ्यावेत.

हवा सकाळी, टायर गार असताना, चालकाच्या दाराशी असलेल्या पट्टीवरच्या आकड्याप्रमाणे भरावी. नायट्रोजनला विरोध नाही, पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. फुकट मिळत असेल तर घ्यावा. तापलेल्या टायरमध्ये दाब चार-पाच पीएसआयने वाढलेला दिसतो, तो पाहून हवा सोडू नये. पहिले तीन-चारशे किलोमीटर जपून चालवावीत, कारण साच्यातून टायर सुटावा म्हणून लावलेला पदार्थ पृष्ठभागावरून झिजेपर्यंत पकड पूर्ण येत नाही. या काळात ओल्या घाटात उतरण्याची वेळ आणू नये. शंभर किलोमीटरनंतर नटांचा ताण पुन्हा तपासावा, अलॉय चाकाला तो थोडा उतरतो. दर आठ-दहा हजार किलोमीटरला पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे करावेत. पुढे कधी दोनच टायर घेण्याची वेळ आली तर नवे दोन मागे बसवावेत, समोरच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीतसुद्धा. पुढची पकड गेली तर गाडी सरळ जाते आणि वेग कमी करून सावरता येते. मागची गेली तर ती गर्रकन फिरते.

स्टेपनीही विसरू नका. तुमच्या गाडीत ती २०५/६५ आर १६ मापाची, पत्र्याच्या डिस्कवरची असण्याची शक्यता जास्त आहे. ती तात्पुरत्या वापराची समजून ऐंशीच्या आत चालवावी. तिच्यावरची उत्पादनाची तारीखही या निमित्ताने वाचा. पाच-सहा वर्षे न वापरता पडून राहिलेल्या टायरचे रबरही तडकते. जुन्या चारांपैकी कोणता तरी ‘बरा’ टायर स्टेपनीला चढवण्याचा सल्ला दुकानात मिळेल. मापच वेगळे असल्याने तो त्या डिस्कवर बसणार नाही, आणि १७ इंची जुने चाक डिकीतल्या त्या खोबणीत मावते का, हे आधी टेप लावून पाहावे. कंपनीबाहेरची चाके घेतलीत तर त्यांचे बिल विमा कंपनीला पाठवून ती पॉलिसीत नोंदवून घ्या. नोंद नसलेल्या चाकाचा खर्च खड्ड्यातल्या नुकसानीच्या दाव्यात बहुधा नाकारला जातो, आणि कंपनीच्या चाकावर थांबण्याचे तेही एक कारण आहे.